हलगी कोणाच्या सांगण्यावरून वाजते?



निषेधाची कला म्हटलं की आपण शब्द तपासतो. मी आज वाद्याबद्दल बोलते.

तमिळनाडूतली परई आपल्या हलगीसारखीच, चामड्याची. गावात मयत झाली की ती वाजवणं दलितांवर लादलेलं काम. नकार दिला की मारहाण, बहिष्कार. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ मंचावर आला. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला हा बँड. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधलं गाना, रॅप आणि परई एकत्र. गाणी आरक्षणापासून बीफपर्यंत.

वाद्य तेच. पण कधी, कुठे, कोणासाठी वाजवायचं, हे आता वाजवणारेच ठरवतात. माझ्या मते खरा निषेध इथे आहे. म्हणूनच गावात वाजवायला नकार देणारा माणूस आणि मंचावर वाजवणारा कलाकार एकाच लढ्यात आहेत.

आपल्याकडे हलगी अशीच मातंगांच्या वाट्याला आली. आपण घरातले पहिले पदवीधर. कॉलेजच्या कार्यक्रमात ‘लोककला’ म्हणून हलगी येईल तेव्हा टाळ्या जरूर वाजवू, पण विचारूही. वादकाला मानधन किती? पत्रिकेवर त्याचं नाव आहे का? आणि तो जेवायला कुठे बसला?

जय भीम.