जुन्या संगणकाला नवी रॅम

शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यात हिशेबाचा संगणक दहा-बारा वर्षांचा झाला, की कुरकुरायला लागतो. तो लगेच मोडीत काढू नका. बऱ्याचदा रॅम वाढवली की काम भागतं. पण रॅम जुळणारीच हवी.

पहिली गोष्ट पिढीची. डीडीआर थ्रीच्या पट्टीला 240 पिना असतात आणि ती 1.5 व्होल्टवर चालते. डीडीआर फोरला 288 पिना, व्होल्टेज 1.2. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका.

दुसरी गोष्ट मदरबोर्डची मर्यादा. बोर्डाचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या माहितीपत्रकात कमाल किती जीबी चालते ते तपासा. विंडोज 32 बिटचं असेल, तर 4 जीबीच्या पुढची रॅम घरातल्या संगणकात वायाच जाते.

तिसरी गोष्ट वेगाची. 1333 आणि 1600च्या पट्ट्या एकत्र लावल्या, तर दोन्ही सहसा 1333नेच चालतात. शक्यतो सारख्या क्षमतेची जोडी घ्या.

स्वस्तात मिळणारी सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या संगणकात चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

राजारामपुरीत खरेदीला जाताना जुनी पट्टी सोबत न्या, किंवा तिच्यावरच्या लेबलचा फोटो काढून न्या. पट्टी काढण्याआधी वीजजोडणी मात्र नक्की बंद करा.