मोठ्या रंगमंचावरील बारा मिनिटे
(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संगीतवर्गातील अकरा मंडळींस गेल्या कार्तिकात शहरातील एका मोठ्या नाट्यगृहात, एका नामवंत गायकाच्या मैफिलीपूर्वी, बारा मिनिटे गाण्याचा योग आला. अभिनंदनाची भाषा चिटणिसांनी सढळ हाताने वापरलीच आहे. आम्ही थोडे निराळे बोलतो.

त्या प्रसंगाबद्दल संघाच्या सभेत आक्षेप आला. साथीदारांची बिदागी व मोटारभाडे यांपायी वर्गाची निम्मी शिल्लक गेली, आणि पदरात काय पडले? आक्षेप घेणारे गृहस्थ संगीतद्वेष्टे नव्हेत. शिष्यवृत्तीनिधीची काळजी वाहणारे आहेत. त्यांस उत्तर देणे प्राप्त आहे.

तंजावरजवळ, कावेरीच्या तीरी, तिरुवैयारू नावाचे गाव आहे. संत त्यागराज 1847 साली तेथे समाधिस्थ झाले. तंजावरच्या गादीवर तेव्हा भोसले होते. सरफोजी महाराजांचे दरबारी आमंत्रण त्यागराजांनी नाकारले, ही आख्यायिका आम्हां मराठी माणसांनी मुद्दाम ऐकावी. पौष वद्य पंचमीस, त्यांच्या पुण्यतिथीला, तेथे आराधना होते. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतील पाच पंचरत्न कृती शेकडो कंठ एका वेळी गातात. पुढे विख्यात विद्वान, मागे कचेरीतला कारकून आणि शाळेतली बाई. मानधन कोणासच नाही. उत्सवाच्या मैफिलींत थोरांच्या वाट्यालाही मोजकीच मिनिटे येतात. बारा मिनिटांस हसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

हे व्यासपीठ सर्वांस आपोआप मिळाले असे मात्र नव्हे. उत्सव चालविणाऱ्यांत तट होते आणि स्त्रियांस तेथे गाण्याची मुभा नव्हती. तेव्हा देवदासी कुळात जन्मलेल्या विदुषी बंगळूर नागरत्नम्मा यांनी स्वतःची मिळकत वेचून समाधिमंदिर उभारले आणि 1927 साली स्त्रियांचा निराळा उत्सव सुरू केला. पुढे 1940 च्या सुमारास तट एक झाले, स्त्रियांचा स्वरही त्यात मिळाला. नागरत्नम्मा 1952 साली वारल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे. ज्ञातिसंस्थांनी आपल्या व्यासपीठांकडे पाहताना ही बाई विसरू नये, असे आम्हांस वाटते.

आता खर्चाकडे वळू. पुरुषांचा षड्ज साधारणतः काळी एकचा, स्त्रियांचा काळी चार वा पाचचा. मधला सूर धरावा तर पुरुषांचा गळा वर ताणतो आणि स्त्रियांस खालचे स्वर लागत नाहीत. म्हणून आपल्या मंडळींनी एक अभंग एका पट्टीत, दुसरा दुसऱ्या पट्टीत गायला. बारा मिनिटांत तबला उतरवून पुन्हा चढविणे शक्य नव्हते. तबले दोन लागले, तबलजीही दोन. हिशेबाच्या वहीत जो आकडा उधळपट्टीसारखा दिसतो, तो स्वरासाठी मोजलेला दाम आहे.

शिवाय मोठे नाट्यगृह जे शिकविते ते आपल्या वर्गाच्या खोलीत शिकता येत नाही. खोलीत आवाज भिंतींवरून लगेच परत येतो. तेथे तो अंधारात निघून जातो. आपणांस ऐकू येते ते पायाशी ठेवलेल्या ध्वनिवर्धकातून. पहिल्या अंतऱ्यास आपले सहगान लयीच्या पुढे धावले. पेटीवर बसलेल्या काकूंनी मान वर न करता समेवर हात जरा जड टाकला, आणि दहाही मंडळी ताळ्यावर आली. श्रोत्यांच्या हे लक्षातही आले नसेल. आमच्या मते त्या रात्रीची खरी कमाई हीच होय. तेव्हापासून वर्गात मंडळी अंतराअंतराने बसून, एकमेकांच्या कानाचा आधार न घेता, सराव करीत आहेत.

ज्या तिघांस त्या दिवशी निवडले गेले नाही, त्यांपैकी एक आजोबा वर्गास येईनासे झाले आहेत. आक्षेपकांच्या प्रश्नाहून आम्हांस ही गोष्ट अधिक बोचते. आमची सूचना अशी की, शिष्यवृत्तीनिधीस हात न लावता स्वेच्छावर्गणीतून तबलजींची बिदागी उभी करावी. पुढल्या खेपेस त्या तिघांस प्रथम घ्यावे. आणि आजोबांस आणावयास चिटणिसांनी पत्र न धाडता स्वतः घरी जावे. वर्गणीची वही दाराशी ठेवलेली आहे.