विनंतीचा माग

आमच्या नोड-जेएसवरच्या तिकीट-सेवेत लोकांचे पैसे कापले जात, पावती मात्र येईना. लॉगच्या हजारो ओळी चाळल्या. कुठली ओळ कोणाची, कळेना. मग ओपनटेलीमेट्री बसवली. दोन प्रकल्प एकत्र होऊन २०१९ मध्ये निघालेली ही मोफत साधने प्रत्येक विनंतीला ३२ अक्षरी क्रमांक देतात, पार्सलच्या बिल्टीसारखा. टप्प्याटप्प्याला वेळ नोंदली जाते. मूळ कोडला हात लावावा लागत नाही. पथ्य एकच: ती मुख्य प्रोग्रामच्या आधी चढवायची. आम्ही नंतर चढवली, तर डेटाबेसचा टप्पाच गायब! क्रम सुधारल्यावर दिसले, पावतीचे काम डेटाबेसच्या जोडणीसाठी ताटकळत होते. पण वेब-पत्त्यातले ग्राहकांचे मोबाइल क्रमांकही नोंदीत उतरले होते. ते गाळण्यात आणखी दोन दिवस गेले.