मुक्या प्राण्यांचे दात

बैलबाजारात खरेदीस आलेला शेतकरी किमतीचा शब्द काढण्यापूर्वी जनावराचा ओठ वर करून ते दोन दाती, चार दाती की जुळलेले, याचा निकाल करून घेतो. दिवाणखान्यात गादीवर निजणाऱ्या कुत्र्याचे तोंड मात्र त्याच्या धन्याने वर्षानुवर्षे उघडून पाहिलेले नसते. ममतेची उणीव हे याचे कारण नव्हे. दात दुखत असतानाही कुत्रा काय किंवा मांजर काय, बहुधा अन्न सोडीत नाही. एका बाजूने चावतो, पुष्कळदा न चावताच गिळतो, आणि ताटली रिकामी झालेली पाहून घरधनी निर्धास्त होतो. ज्या आजाराची फिर्यादच दाखल होत नाही, त्याची चौकशी कोण करणार?

कुत्र्याला कायमचे दात ४२ आणि मांजराला ३०. त्यांवर जंतूंचा जो चिकट थर बसतो, तो लाळेतील क्षारांमुळे थोड्याच दिवसांत कठीण किटणाचे रूप घेतो आणि हिरडीखाली शिरून दाताला धरून ठेवणारे हाड झिजवू लागतो. तोंडाला येणारी दुर्गंधी ही त्याची पहिली वर्दी. परंतु कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, अशी आपण आपली समजूत घालून घेतलेली असते.

सर्वांत फसवा प्रकार वरच्या जबड्यातील मोठ्या दाढेचा. मांस कातरण्यासाठी निसर्गाने दिलेली ही तीन मुळांची दाढ कठीण हाडूक फोडताना तडकते, जंतू मुळापर्यंत पोचतात, आणि सूज येते ती डोळ्याखाली. ती फुटते, मलमाने भरून आल्यासारखी दिसते, पुन्हा फुटते. उपचार डोळ्याखालच्या जखमेवर होत राहतात आणि गुन्हेगार दाढ जागच्या जागी सुरक्षित! अशा वेळी पशुवैद्य क्ष-किरण चित्र घेऊन, दाढेचे यंत्राने तीन तुकडे करून एकेक मूळ निराळे काढतो आणि हिरडी शिवून टाकतो.

याला संपूर्ण भूल लागते, आणि येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. म्हाताऱ्या जनावराच्या बाबतीत ही भीती निराधार नाही. म्हणूनच आधी रक्त तपासतात, हृदय ऐकतात. परंतु भुलेवाचून, जागेपणी किटण खरवडून घेण्याचा जो स्वस्त मार्ग सुचविला जातो, तो मला निव्वळ रंगसफेदी वाटतो, कारण हिरडीखालचा खरा रोग तेथे जसाच्या तसा राहतो. भुलेत श्वासनलिकेत नळी घातलेली असते, त्यामुळे पाणी व घाण फुप्फुसात उतरत नाही.

मादीचे गर्भाशय काढण्यासाठी तिला भूल दिलेली असतानाच, न पडलेले दुधाचे सुळे काढून टाकण्याची पद्धत आहे. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत ते पुष्कळदा अडून राहतात.

घरी मऊ ब्रशाने रोज दात घासावेत. आपली टूथपेस्ट मात्र वापरू नये, कारण काहींत असणारे झायलिटॉल कुत्र्याला विषासमान आहे. आणि दात काढल्यावर बिचारा खाणार काय, ही चिंता नको: हिरड्या भरून आल्या की बोळका कुत्राही कालवलेला मऊ भात आवडीने फस्त करतो.