केंद्राकडे काय असावं



या सभागृहात काही जणांची ऑन-कॉलची पाळी आत्ताही चालू आहे. त्यांचा फोन वाजला तर त्यांनी खुशाल उठून जावं. मी बोलणार आहे ते मुख्यतः त्यांच्या वतीनेच.

१४ मार्च २०२३ रोजी रेडिट हे संकेतस्थळ ३१४ मिनिटं बंद पडलं होतं. तिथल्या अभियंत्यांनी एका जुन्या, मोठ्या क्लस्टरवरचं कुबरनेटीस १.२३ वरून १.२४ वर नेलं आणि क्लस्टरच्या आतलं नेटवर्क तुटलं. मागच्या आवृत्तीवर परतायची खात्रीची वाट कुबरनेटीसमध्ये नाही, म्हणून शेवटी बॅकअपवरून क्लस्टर उभा करावा लागला. कारण एवढंसंच निघालं. नियंत्रण करणाऱ्या नोडवर पूर्वी ‘मास्टर’ हे लेबल असे, १.२० पासून ‘कंट्रोल प्लेन’ हे नवं लेबल आलं आणि १.२४ मध्ये जुनं काढून टाकलं गेलं. क्लस्टरचं नेटवर्क सांभाळणाऱ्या कॅलिकोच्या राउट रिफ्लेक्टरचं कॉन्फिगरेशन नेमकं त्या जुन्या लेबलावर बेतलेलं होतं. ते काही वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलं होतं. ज्यांना ते ठाऊक होतं ते दुसऱ्या कामांवर किंवा दुसऱ्या कंपन्यांत गेले होते, आणि कोडमध्ये त्याची कुठेच नोंद नव्हती.

लेबल जाणार हे आधीच जाहीर झालेलं होतं. नोंद असती तर साध्या शोधातही ते सापडलं असतं. आपल्या मोठ्या कंपन्यांमधले क्लस्टर असेच, नोंदीशिवाय वाढतात. एका टीमने पहिला उभा केला, दुसरीने तो पाहून आपला केला, मग टेस्टिंगचा वेगळा, दुसऱ्या डेटा सेंटरमधला वेगळा, विकत घेतलेल्या कंपनीबरोबर आलेले आणखी चार. प्रत्येक हाताने घडवलेला. इकडे कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या येतात आणि एका आवृत्तीला साधारण १४ महिने आधार मिळतो. १.२२ मध्ये जुना इन्ग्रेस एपीआय गेला, १.२४ मध्ये डॉकरशिम, १.२५ मध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी. क्यूबअ‍ॅडमने दिलेली बहुतेक सर्टिफिकेटं एका वर्षात संपतात. हाताने घडवलेल्या चाळीस क्लस्टरांवर हे सगळं करायचं म्हणजे माणसं झिजवणं आहे, आणि ती झिजताना मी पाहिली आहेत.

यावर व्यवस्थापन एक मोठा पडदा विकत घेतं. सगळे क्लस्टर एका जागी दिसू लागतात. दिसणं उपयोगाचं आहे, पण क्लस्टर एकसारखे आहेत की नाहीत, कुणी काय बदललं आणि का बदललं, हे पडदा सांगत नाही. माझं मत स्पष्ट आहे: केंद्राकडे नोंद असावी, नियम असावेत, कोणाला काय करता येईल याची व्यवस्था असावी. चालवणं मात्र जागच्या जागी राहावं.

याचा धडा कुबरनेटीसच्या रचनेतच आहे. क्लस्टरचा कंट्रोल प्लेन बंद पडला तरी चालू असलेले कंटेनर चालत राहतात; नवे सुरू होत नाहीत, पडलेल्या नोडवरचं काम दुसरीकडे हलत नाही, इतकंच. मग त्याच्याही वर आपण जे केंद्र बसवतो ते पडलं तर क्लस्टरांनी का पडावं?

चालवणंही केंद्राकडे देण्याची चूक दोन ठिकाणी हमखास होते. पहिली किल्ल्यांची. आर्गो सीडीच्या प्रचलित मांडणीत मधल्या एका क्लस्टरमध्ये बाकी सगळ्यांचे परवाने साठवलेले असतात. तो हाती लागला की सगळं घर उघडं. फ्लक्ससारख्या मांडणीत प्रत्येक क्लस्टरमधला एजंट स्वतःच गिटमधून हवी ती स्थिती ओढून घेतो, केंद्राला आत शिरावं लागत नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे. त्यात चाळीस एजंट सांभाळावे लागतात आणि एकत्रित चित्र जमवायला कष्ट पडतात. ते कष्ट घ्यावेत.

दुसरी चूक धोरणांची. गेटकीपर किंवा कायव्हर्नो नव्या पॉडची तपासणी वेबहुकमधून करतात. वेबहुक उत्तर देईना आणि त्याची फेल्युअर पॉलिसी ‘फेल’ असली, तर तो ज्यांची तपासणी करतो ते नवे पॉड सुरूच होत नाहीत. हा तपासनीस दूरच्या केंद्रात बसवला तर एक नेटवर्कची लाइन तुटल्यावर चाळीस क्लस्टर गोठतील. नियम केंद्रात लिहा, तपासणी क्लस्टरच्या आत करा. आणि नवा नियम आधी काही आठवडे नुसता इशारा देऊ द्या, अडवणं नंतर.

केंद्रीय नोंदीला आता कायद्याचंही बळ आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. प्रत्येक क्लस्टरचे लॉग वेगळ्या जागी, वेगळ्या मुदतीने पुसले जात असतील, तर ते सहा तास शोधण्यातच जातील.

रेडिटने आपल्या त्या दिवसाचा सविस्तर वृत्तांत स्वतःच प्रसिद्ध केला, म्हणून मला आज इथे बोलता आलं. आपल्याकडे असे वृत्तांत कंपनीच्या भिंतीआडच राहतात. कार्यकारिणीला माझी सूचना आहे की पुढच्या संमेलनात अर्धा दिवस फक्त अशा वृत्तांतांसाठी ठेवावा: मराठीत, कंपनीचं आणि माणसांचं नाव वगळून, पण वेळा, कमांड आणि घेतलेले निर्णय जसेच्या तसे. लिहिणाऱ्याला वरिष्ठांची परवानगी मिळवायला मदत लागली, तर पत्रावर अध्यक्ष म्हणून सही मी करीन.