पाऊस लागला, गड राहिला. मग मुलांचं काय?

आम्ही विचुंब्याच्या बायका. आमच्या गावातून पूर्वेला पाहिलं की प्रबळगड आणि कलावंतीण दिसतात, मधली ती खाच दिसते. दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा दिसतो. हे डोंगर रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे पाऊस सुरू झाला, की आमच्या घराघरांत एकच घोष असतो, "गडावर कधी जायचं?" शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, की चार-पाच घरं मिळून ठाकूरवाडीकडे पायथ्याला मुक्काम ठरवतात. पिशव्या भरल्या जातात, मुलं रात्रभर झोपत नाहीत, आणि सकाळी पाहावं तर डोंगरच दिसत नाही, नुसता धो धो पाऊस.

अशा दिवशी काय करायचं, हा आजचा विषय. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? मुलांना द्यावा मोबाईल! पण आमचा अनुभव असा, की पावसाच्या दिवसाची तयारी हा करमणुकीपुरता प्रश्न नाही. हाताशी दुसरं काही नसलं, की मुलं म्हणतात, "काकू, एवढं आलो तर थोडं तरी वर जाऊ ना." मग मोठी माणसंही म्हणतात, "अर्ध्यापर्यंत जाऊन येऊ." आणि निसरड्या वाटेवर पाय पडतो. "आज चढायचं नाही" असं ठामपणे म्हणायचं, तर "मग हे करू या" हेही तयार असावं लागतं. नाहीतर नको म्हणणारी बाई सगळ्यांच्या मजेवर पाणी ओतणारी ठरते.

नको म्हणण्याचं कारण आपल्यापासून लांब नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. वर गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेली माणसं पावसात, चिखलात पायी चढली. ती सहलीला गेलेली माणसं नव्हती, आपल्या घरात झोपलेली होती. डोंगराची नस जाणणाऱ्या लोकांवर ही वेळ येते, तर सुट्टीपुरतं जाणाऱ्या आपण किती जपायला हवं! म्हणून प्रशासनाची किंवा वनखात्याची बंदी असेल, तर निघायचंच नाही. बंदी नसली तरी पायथ्याच्या माणसाने "आज नको" म्हटलं, की त्या दिवशी तोच शेवटचा शब्द.

आता कामं सांगतो. पहिलं काम, पाऊस मोजायचा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ खाचांचा असतो, म्हणून तळाशी खडे घाला आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा. तिथे शून्याची खूण करून बाहेरून मोजपट्टी चिकटवा. बाटली उघड्यावर ठेवा, पागोळीखाली किंवा झाडाखाली नको. हवामान खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा दिवस धरतं, आपणही तसाच धरायचा. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर गेला, की तो जोरदार पाऊस. ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, हे सांगितलं की मुलं आपल्या बाटलीकडे बघून गप्प होतात. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मग मुलांना अंगण मोजायला लावा आणि किती हंडे पाणी पडलं, ते काढू द्या. बातम्यांतला पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा म्हणजे काय, हे मुलांना अशाने नीट कळतं. मग घरातली सगळ्यांत धाकटी पोरगीच म्हणते, "आज नको जाऊ या."

दुसरं काम गाठींचं. चार-पाच हात लांबीची सुताची दोरी प्रत्येकाला द्या. आठच्या आकड्याची गाठ मुलं पाच मिनिटांत शिकतात. कडा चढणारे लोक ती वापरतात, कारण ती ओढली तरी सुटत नाही आणि नीट पडली की नाही, हे डोळ्यांनी ओळखता येतं. मग डोळे मिटून बांधायची शर्यत लावा. घरातल्या आजोबांना बोलवा, बैल बांधायची, भारा बांधायची, होडी बांधायची गाठ त्यांना येते. आमच्याकडे नातवंडांपेक्षा आजोबाच जास्त रमतात. एक मात्र पक्कं सांगा, या दोरीवर कुणी लोंबकळायचं नाही आणि ती गळ्यात घालायची नाही.

तिसरं काम अंगातली मस्ती जिरवायचं. चढायला निघालेली मुलं चार भिंतींत बसली, की भांडतात. तेव्हा आपलं श्रावणातलं धन बाहेर काढा. फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, मुलगे असोत की मुली, सगळ्यांना घ्या. बसफुगडी दहा मिनिटं घातली, की मांड्यांना गड चढल्यासारखा व्यायाम होतो! दमल्यावर सागरगोटे आणि काचापाणी.

चौथं काम गडांच्या पत्त्यांचं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि १२ त्यांच्याकडे राहिले. दिलेल्यांत आपला कर्नाळा होता आणि प्रबळगडही होता. जुन्या पुठ्ठ्याचे ३५ पत्ते कापा आणि त्यांवर मुलांना माहीत असतील त्या ३५ गडांची नावं लिहायला लावा. मग विचारा, यातले २३ द्यायचे असतील, तर कुठले द्याल आणि कुठले राखाल? कारण सांगितल्याशिवाय पत्ता टाकायचा नाही. या वादात दुपार कशी सरते कळत नाही, आणि गड नुसते फोटो काढायला नसतात, हे पोरांच्या डोक्यात शिरतं.

पाचवं काम चुलीजवळचं. पहिल्या पावसात शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली. शेवळाला खाज असते, म्हणून त्यात काकडं घालतात. हे ज्ञान पायथ्याच्या ठाकूर आणि कातकरी बायांकडे आहे. त्यांच्याकडून भाजी विकत घ्या, नाव विचारा, निवडायची कशी ते विचारा आणि मुलांना निवडायला बसवा. ओळख पटल्याशिवाय रानातली कुठलीही पालेभाजी आपण होऊन तोडायची नाही.

ज्या घरी उतरता, त्या घराचाही विचार करा. आपल्याला पाऊस म्हणजे बिघडलेली सुट्टी, त्यांना पाऊस म्हणजे आवणी. बांधावर उभं राहून आवणी बघायला मिळाली, तर ती शाळाच आहे, पण विचारल्याशिवाय खाचरात उतरायचं नाही. गड रद्द झाला म्हणून जेवण रद्द करू नका. त्या मावशींनी तांदूळ, मासे, भाजी आणून ठेवलेली असते. ठरलेले पैसे द्यायचेच.

पाऊस जरा कमी असेल आणि रस्ता चालू असेल, तर गोवा हायवेने जा. शिरढोणला आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला, ४ नोव्हेंबर १८४५ ला. १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांची गोष्ट त्यांच्याच गावात सांगितली, की मुलं वेगळी ऐकतात. कर्नाळ्याच्या पुढे ताऱ्याला युसूफ मेहेरअली सेंटर आहे. तेलाची घाणी, साबण, मातीकाम असे ग्रामोद्योग तिथे चालतात. १९४२ मध्ये मेहेरअली मुंबईचे महापौर होते, हेही मुलांना सांगा. आधी चौकशी करून जा. आणि लाल इशारा असेल, तर घरीच थांबा. आपली गाढी नदीही माथेरानच्या डोंगरातून येते. तिकडे वर कोसळला, की इकडे पाणी चढायला वेळ लागत नाही.

शेवटी एक खूण प्रत्येकीने लक्षात ठेवा. डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम असताना जमिनीला नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा वाहता ओढा अचानक आटला, तर सामान आवरत बसू नका. मुलं आणि म्हातारी माणसं घ्या, शेजाऱ्यांना हाक मारा आणि उताराच्या व ओढ्याच्या वाटेतून बाजूला व्हा. मग ११२ ला फोन करा. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे. हे दोन नंबर मुलांकडून पाठ करून घ्या, पावसाच्या दिवसातलं तेही एक काम समजा.

डोंगर कुठे जात नाही, मैत्रिणींनो. दिवाळीनंतर वाटा सुकतात, आभाळ मोकळं होतं, तेव्हा खुशाल चढा. तोवर दोरी, बाटली, पुठ्ठा आणि सागरगोटे पिशवीत ठेवा. तुमच्या घरी पावसात काय खेळतात, तेही आम्हाला कळवा, पुढच्या वेळी ते सगळ्यांना ऐकवू.