शिक्षकाने समुपदेशक व्हावे काय?



बी.एड.ची पदवी घेऊन तुमच्यापैकी बरेच जण नवी मुंबईतच शिकवू लागाल. कोपरखैरणे-घणसोलीच्या वर्गात माथाडी कामगारांची मुले असतील, तुर्भ्यात बाजार समिती आणि एमआयडीसीत राबणाऱ्यांची. नेरूळ-सीवूड्सला आठवीपासूनच जेईई-नीटच्या क्लासला जुंपलेली. घरे निराळी असली तरी धास्ती एकच आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचीच चिंता वाटते असे सांगितले. त्याच वर्षी देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्र सर्व राज्यांच्या पुढे होता.

हे आकडे पुढे आले की मागणी होते, शिक्षकांनाच समुपदेशक करा. मला ती मान्य नाही, आणि याला भक्कम आधार आहे. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत एक प्रयोग केला. काही शाळांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम शिक्षकांकडे सोपवला, काहींत त्याच कामासाठी नेमलेल्या, थोडक्या प्रशिक्षणाच्या स्थानिक माणसाकडे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. नेमलेल्या माणसाच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य आणि दादागिरी घटली. शिक्षकांनी राबवलेल्या कार्यक्रमाचा मात्र काहीच परिणाम दिसला नाही. म्हणून शिक्षक निष्ठुर ठरत नाहीत. जो माणूस गुण देतो आणि पालकांना बोलावतो, त्याच्यापुढे मूल मन कसे उघडे करील? शिवाय पोर्टलवर माहिती भरणे, सर्वेक्षणे, निवडणुकीची ड्यूटी यांतून त्याला वेळ तरी कुठे उरतो?

मग शिक्षकाने हात झटकावेत का? मुळीच नाही. त्याच प्रयोगात मुलांचे भले झाले ते शाळेच्या वातावरणातून, आणि हे वातावरण रोज घडते वर्गात. उत्तरपत्रिका वाटताना गुण मोठ्याने वाचायचे की नाही, चुकीच्या उत्तरावर वर्ग हसला तर काय करायचे, चार दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीला आल्या आल्या जाब विचारायचा की आधी तिची चौकशी करायची, हे सारे तुमच्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. टोमणा त्याच हद्दीत येतो. साठ मुलांच्या वर्गात एवढे जमत नाही, लाड केले तर शिस्त जाते, असे तुम्हाला स्टाफरूममध्ये ऐकवतील. पहिल्या तक्रारीत तथ्य आहे. दुसरी मला पटत नाही: गृहपाठ मागणे ही शिस्त आहे, तो न आणणाऱ्याला चारचौघांत हिणवणे ही नव्हे. कडक शिक्षकाजवळही मूल निर्धास्त असू शकते.

पण तुमच्या आवाक्याबाहेरचे मूल भेटेल, तेव्हा त्याला कोणाकडे न्यायचे? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्याचे निर्देश दिले, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षणही सांगितले. ही नेमणूक होईपर्यंत ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहेच. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारा, आपल्याकडे ही नेमणूक झाली आहे का. झाली नसेल, तर व्यवस्थापनाकडे लेखी मागणी करा.